समोर बसून शिकवलेलं

बाबांना न्यायला गाडी चार वाजता येणार होती आणि एक वाजून गेला तरी धाकटीचा पत्ता नव्हता. थोरला खिडकीशी जाऊन आला, ती तिसरी खेप. येते म्हणून तिने आईला फोनवर सांगितलं होतं, पण तिच्या सांगण्यावरचा त्याचा विश्वास उडाला त्याला अकरा वर्षं झाली होती.

"नाही आली तर बरंच," तो म्हणाला.

"बरं कसं? तिचा बाप आहे तो." आई नवऱ्याच्या कपड्यांची बॅग भरत होती. सदरे आत घालत होती, बाहेर काढत होती, पुन्हा घालत होती. काहीतरी लांबट तिरकं बसवायचा खटाटोप चालला होता.

"काय कोंबतेयस त्यात?"

"काही नाही. तू खिडकीत उभा राहा."

सून स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकत होती. या घरात आल्यापासून तिने एक गोष्ट लवकर शिकून घेतली होती: मायलेकांच्या मध्ये तोंड घालायचं नाही, आणि घालायचंच झालं तर चहाचं विचारायचं. तिने चहाचं विचारलं. नको, असं दोघांनीही एकदम सांगितलं. निदान एका गोष्टीवर एकमत झालं म्हणून तिला बरं वाटलं.

आतल्या खोलीत बाबा, गावाचे घड्याळजी, पडून होते. तीन आठवड्यांपूर्वी खाली दुकानात, कामाच्या टेबलावरच, ते एका कुशीवर कलंडले. डोळ्याला लावलेलं भिंग तसंच होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले, आणि तेच ऐकून आई जास्त रडली. तिचे गुडघे धड नाहीत, जिना उभा, रात्री उठवायला दोन माणसं लागतात. तेव्हा दोन तासांवरच्या शुश्रूषा केंद्रात हलवायचं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. म्हणजे थोरल्याने ठरवलं आणि बाकीच्यांनी हरकत घेतली नाही.

वर घर आणि खाली दुकान मिळून बत्तीस घड्याळं होती. दर रविवारी सकाळी घड्याळजी एकेकाला किल्ली देत. ते काम दुसऱ्या कुणाला करू देत नसत. आज तिसरा रविवार होता. घड्याळं आपापल्या सोयीने एकेक करून थांबली होती. कुणी सव्वाचारला, कुणी अकराला. घर इतकं शांत असतं हे आईला पन्नास वर्षांत पहिल्यांदा कळत होतं, आणि ती शांतता तिच्याने सोसवत नव्हती.

पावणेदोनला दारावरची घंटी वाजली. दार सुनेने उघडलं. तिच्या आधी लक्षात आलं ते हे, की नणंदेच्या हातात फक्त एक पिशवी आहे.

"वन्सं, गिटार कुठंय?"

"नाही आणली."

"कमाल आहे! सुतार रंधा घरी ठेवून आला म्हणायचा."

धाकटी हसली नाही. वयाच्या अडतिसाव्या वर्षी तिच्या कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, आणि ते रंगवायच्या भानगडीत ती पडली नव्हती. आईने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि "किती वाळलीस" म्हणाली. थोरला खिडकीतून हलला नाही.

"दादा," ती म्हणाली.

"पाच मिनिटं," तो म्हणाला. "आत जायचं, भेटायचं, बाहेर यायचं. आणि त्यांच्यासमोर रडायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी रडू नका म्हणून सांगितलंय?"

"मी सांगतोय."

तिने मान हलवली. पाच मिनिटांत काय मागायचं ते ती प्रवासभर घोकत आली होती. माफी मागायची होती. ती मिळाली की नाही हे ज्याने सांगायचं त्याची वाचाच गेली होती, हे तिला ठाऊक होतं. तरी आली होती.

*

ती गिटार घरात आली तेव्हा धाकटी आठ वर्षांची होती. घर सोडून जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या घड्याळाबरोबर तीही दुकानात आणून टाकली, पुन्हा न्यायला आलंच नाही. गावात शिकवणारं कुणी नव्हतं. घड्याळजींनी वाचनालयातून एक पुस्तक आणलं, चित्रांचं. त्यांना स्वतःला सूर की ताल कळत नव्हता, पण यंत्र आहे म्हणजे उघडून बघता येतं, यावर त्यांची श्रद्धा होती. रात्री ते एक धडा वाचून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, दुकान बंद असताना, तो तिला शिकवत. लेकीच्या पुढे एकच धडा, असे ते मास्तर.

गिटार एकच. मग त्यांनी जुन्या खिडकीची एक फळी घेतली, तिच्यावर पेन्सिलीने आडव्या पट्ट्या आणि उभ्या सहा तारा आखल्या, आणि ती गिटारीसारखी धरून लेकीच्या समोर बसले. गुडघ्याला गुडघा लावून. "मी करतो तस्सं कर," ते म्हणाले. तिने तस्संच केलं. ते डाव्या हाताने फळी धरत होते, समोर बसलेल्या पोरीने आरशात बघावं तशी गिटारची मान उजव्या हातात धरली. बारीक तारा वर गेल्या, जाड खाली आल्या. घड्याळजींना यात काही वावगं दिसलं नाही. गजराच्या घड्याळाचे काटे मागून फिरवायचे असतात, तिथे सगळंच उलटं चालतं. वीस वर्षं उलट्याचं सुलटं मनातल्या मनात करणाऱ्या माणसाला समोरची पोर बरोबरच दिसली.

सोळाव्या वर्षी शाळेतल्या मुलांनी बँड काढला तेव्हा दुसरा गिटारवाला तिच्याकडे बघून म्हणाला, "तू आरशातून आलीस का गं?" त्या दिवशी तिला कळलं. घरी येऊन ती एक अक्षर बोलली नाही. सगळं पुसून पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची, तर बाबांना कळणार. आठ वर्षांच्या दुपारी फुकट गेल्या, असं त्यांना वाटणार. मुलांना तिने सांगितलं की मी डावरी आहे. घरी वाजवताना दार लावून घेऊ लागली.

मग ती आपली आपणच शिकली. कॅसेट लावायची, थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची. पुस्तकातला एकही कॉर्ड तिच्या हाताला जसाच्या तसा बसत नव्हता, म्हणून तिने बोटांच्या आपल्या जागा शोधल्या. बारीक तारा अंगठ्याशी आल्याने तिच्या वाजवण्यात एक वेगळीच लकब आली. हॉटेलातल्या बँडमध्ये ती दोन वर्षं होती, मग एका नाचगाण्याच्या ताफ्याबरोबर बोटीवर, मग गावोगाव फिरणाऱ्या बँडमध्ये. लोक खास तिला ऐकायला येऊ लागले.

एकदा कार्यक्रमात तार तुटली. ती बदलेपर्यंत वेळ मारून न्यायला तिने माईकवर फळीची गोष्ट सांगितली. बाबांचा आवाज काढला, "मी करतो तस्सं कर." माईकचा दांडा फळीसारखा धरून दाखवला. लोक पोट धरधरून हसले. पुढच्या कार्यक्रमात तार तुटली नाही, तरी तिने गोष्ट सांगितली. मग ती ठरूनच गेली, तिसऱ्या गाण्यानंतर.

त्या संध्याकाळी आईबाबांना घेऊन थोरला गुपचूप येईल, हे तिला कुठून कळणार? आपण शिकवलं ते उलटं होतं, हे घड्याळजींना दुसऱ्या रांगेत बसून, तीनशे हसणाऱ्या माणसांबरोबर कळलं. ते उठले आणि निघून गेले. आई त्यांच्या मागे धावली. कार्यक्रम संपल्यावर थोरला एकटा पडद्यामागे आला आणि म्हणाला, "बाबा होते." एवढंच. दुसऱ्या दिवशी ती घरी गेली तेव्हा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून काम करत होते. ती तासभर टेबलाशी उभी राहिली. त्यांनी भिंग काढलं नाही. मग ती गेली ती गेलीच.

*

खोलीत दुपारचं ऊन होतं. घड्याळजी डोळे उघडे ठेवून पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात पांघरुणावर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता. धाकटीने खुर्ची ओढली, पलंगाच्या पायथ्याशी, त्यांना आपला चेहरा नीट दिसेल अशी ठेवली, आणि बसली.

"बाबा, मी आलेय."

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ओळखलं. डोळ्यांत ते स्पष्ट दिसलं. मग डावा हात पांघरुणातून बाहेर आला आणि त्यांनी तो झटकला. बाजूला हो, असा.

"बाबा, माझं ऐका फक्त. मी जे केलं—"

हात पुन्हा झटकला गेला. घशातून आवाज निघाला, घोगरा, चिडलेला. ती उठली तसा हात थोडा शांत झाला. ती पुन्हा बसू लागली तसा तो पुन्हा हलला, जोरात, आणि उशाशी ठेवलेला पाण्याचा पेला खाली पडला.

"बस झालं," दारातून थोरला म्हणाला. "बाहेर ये."

*

स्वयंपाकघरात ती ओट्याला धरून रडत होती. थोरला पेल्याच्या काचा कागदात गुंडाळत होता, आणि त्याला बरं वाटत नव्हतं. अकरा वर्षं तो ज्या क्षणाची वाट बघत होता तो आला होता. बाबांनी तिला हाकललं होतं. आता समाधान वाटायला हवं होतं.

"सांगत होतो मी," तो म्हणाला. पण त्यात जोर नव्हता.

"तू त्यांना आणलंच कशाला रे तेव्हा?" ती रडत रडत म्हणाली. "एक शब्द सांगितला असतास मला. एक शब्द!"

"तुला आनंद होईल म्हणून! मला काय ठाऊक, तू तिथे बापाची नक्कल करून दाखवतेस ते? माझ्या शेजारी बसले होते ते. आधी तेही हसले गं सगळ्यांबरोबर. मग कळलं त्यांना, आपल्यालाच हसतायत." त्याचा आवाज फाटला. "तिकिटं मी काढली होती. मी रोज म्हणतो, नसती काढली तर."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. तेरा वर्षांच्या संसारात हे त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. तिने त्याच्या हातातला काचांचा कागद काढून घेतला आणि त्याला स्टुलावर बसवलं.

आई उठून बाहेर गेली, बॅग घेऊन आली आणि सदऱ्यांच्या खालून तिने फळी ओढून काढली. तीच फळी. कडा हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्या होत्या.

"मला सांगायची बंदी होती," ती म्हणाली. "पण आता बंदी घालणाऱ्याचंच तोंड बंद झालंय, तर मी कुणाला भिऊ?"

"काय सांगायची?"

"त्या दिवसानंतर दोन दिवस यांनी दुकान उघडलं नाही. मग ही शोधून काढली आणि कपाटाच्या आरशासमोर जाऊन बसले. मी म्हटलं, झालं, डोकं फिरलं. रोज दुपारी तेच. आरशात बघायचं, हात बदलायचा, पुन्हा बघायचं. महिनाभराने मला म्हणाले, 'अगं, मी समोर बसलो तिथेच चुकलं. शेजारी बसायला हवं होतं.' एवढंसं वाक्य, आणि डोळे पुसत बसले."

धाकटीने फळी हातात घेतली. मागची बाजू कोरी असायची. आता तिच्यावरही पट्ट्या आखल्या होत्या, सहा तारा होत्या, पण उलट्या. बारीक वर, जाड खाली. त्यांच्यावर पेन्सिलीचे ठिपके होते, बोटांचे. ते पुस्तकातले कॉर्ड नव्हते. ते तिचे होते.

"हे कुठून…"

"टीव्हीवर तुमचं काही दाखवलं की भिंग लावून समोर बसायचे. तुझी बोटं मोजत."

"मग माझा फोन का नाही घेतला कधी? रागावले होते ना?"

"रागावले होते की. महिनाभर. मग राग गेला आणि लाज राहिली. तुला सांगते म्हटलं, तर मलाच दटावलं. 'तिला कळलं मला लागलंय, तर ती ती गोष्ट सांगायची बंद करेल. लोक हसतात तर हसू दे. तिचं चाललंय ना बरं.'"

"मी त्या रात्रीनंतर एकदाही नाही सांगितली, आई."

आई बघतच राहिली. "हे मला कसं कळणार होतं?" ती म्हणाली. "आठवड्याला फोन करायचीस आणि हवापाण्याचं बोलायचीस."

मग सून, जिला मध्ये बोलायची सवय नव्हती, बोलली.

"वन्सं, मघाशी तुम्ही बसला होतात कुठे?"

"खुर्चीवर."

"ते दिसलं मला. खुर्ची कुठे होती?"

धाकटीने तिच्याकडे बघितलं.

"समोर," ती म्हणाली.

*

कपाटावरून तिची लहानपणची गिटार सुनेनेच खाली काढली, स्टुलावर चढून, "कुणी धरा रे मला, नाहीतर मलाही त्याच गाडीत घालावं लागेल" असं म्हणत. जुन्या चादरीत गुंडाळलेली होती. तारा नव्या होत्या. रविवारी घड्याळांना किल्ली देऊन झाली की ते तिच्याही तारा पिळून ठेवायचे, असं आई म्हणाली. तीन आठवडे पिळल्या नव्हत्या, म्हणून सूर उतरला होता. धाकटीने तो जिन्यात बसून लावला.

मग ती आत गेली. खुर्ची पायथ्याशीच होती. तिने ती उचलून पलंगाच्या उजव्या अंगाला, त्यांच्या मेलेल्या हाताकडे नेली, त्यांचं तोंड जिकडे होतं तिकडेच आपलंही तोंड येईल अशी ठेवली, आणि बसली.

घड्याळजींचा डावा हात पांघरुणावर शांत पडून राहिला.

"दादा, बसतं कर त्यांना," ती म्हणाली.

थोरल्याने बापाला काखेत हात घालून उचललं, पाठीला उशा लावल्या. तिने त्यांचा उजवा हात अलगद उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि गिटार त्यांच्या पोटाशी ठेवली. मान तिच्याकडे आली. तिने उजव्या हाताने ती धरली आणि पहिल्या धड्यातला पहिला कॉर्ड दाबला, फळीच्या मागच्या बाजूवर होता तसा. घड्याळजींचा डावा हात तारांवर आला. थांबला. मग त्यांनी तो वरून खाली ओढला.

आवाज वाकडातिकडा आला. दुसऱ्यांदा जरा बरा आला. चार वेळा हा, चार वेळा तो, असा पहिला धडा होता. ते मनाशी चार मोजत, मग थांबत, तिची बोटं बदलून होईपर्यंत. तिला बदलायला आता वेळ लागत नव्हता, तरी ते थांबत. ती आठ वर्षांची असताना थांबायचे तेवढेच. रडायचं नाही ही दादाची अट तिच्याकडून पाळली जात नव्हती. दादाकडूनही नाही.

थोरला दारात उभा राहून त्या दोन हातांकडे बघत होता. त्याच्या लक्षात आलं, की तिला पुस्तकाप्रमाणे शिकवलं असतं तर मान पलीकडे गेली असती आणि तारा आल्या असत्या बाबांच्या उजव्या हाताखाली. जो हलत नव्हता त्याच हाताखाली. त्याने हे कुणाला बोलून दाखवलं नाही. तो बाहेर येऊन आईशेजारी बसला आणि म्हणाला, "वाजवतायत."

"ऐकू येतंय मला," आई म्हणाली.

चारला हॉर्न वाजला. थोरल्याने खाली जाऊन चालकाला दहा मिनिटं थांबायला सांगितलं, आणि दहाची चाळीस झाली तरी चालक वर बघून काही बोलला नाही. शेवटी घड्याळजींचाच हात दमला. तो तारांवरून घसरून पांघरुणावर पडला. धाकटीने बोटं लगेच उचलली नाहीत. तार थरथरायची थांबेपर्यंत ती दाबून बसली.

त्यांना खुर्चीसकट खाली उतरवलं. भिंतीवरच्या बंद घड्याळांकडे त्यांनी जिन्याच्या तोंडाशी एकदा मान वळवून बघितलं. ते घर त्यांनी पुन्हा बघितलं नाही. गाडीत त्यांच्याबरोबर मागे थोरला बसणार असं ठरलेलं होतं, कागदपत्रं त्याच्याच हातात होती. त्याने मागचं दार उघडलं आणि तो ते तसंच धरून उभा राहिला.

"मी चालकापाशी बसतो," तो धाकटीला म्हणाला. "तू बस त्यांच्या शेजारी."